सहा कार्डं, एकच पाट

या महिन्यात पत्रं कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जास्त आलेत. त्यातले निम्मे जळालेल्या कनेक्टरचे. त्यामुळं हा अंक जवळजवळ सगळा ग्राफिक्स कार्डांचाच झालाय. मोबाईलची बॅटरी फुगली, इन्व्हर्टर शिट्टी मारतोय वगैरे विचारणाऱ्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.

प्रश्न : काका नमस्कार, मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विश्रामबागला रूमवर राहतो. मित्राच्या मावसभावाचं मायनिंगचं (क्रिप्टो नाणी काढायचं) बंद पडलेलं सामान होतं, त्यातली आरएक्स ५८० आठ जीबीची सहा कार्डं आम्ही दोघांनी स्वस्तात उचलली. रायझर (कार्ड केबलनं मदरबोर्डापासून लांब जोडायचे अडॅप्टर) लावून बघितले पण कधी चार कार्डं दिसतात कधी पाच, केबलचा नुसता गुंता, हात लागला की एक कार्ड गायब. म्हणून ठरवलंय की स्वतःचंच बोर्ड डिझाईन करायचं, एका लांब पट्टीवर सहा स्लॉट आणि मदरबोर्डला एकच जोडणी. केआयकॅड (बोर्ड डिझाईनचं सॉफ्टवेअर) येतं, कॉलेजच्या प्रोजेक्टला दोन लेयरचं बोर्ड केलेलं. दोन प्रश्न आहेत. एका एक्स१ (एका लेनच्या) स्लॉटवर सहा कार्डं चालतील का? आणि त्या पट्टीवर नेमकं काय काय लागेल? मायनिंगला लावायचंय, जमलं तर बोर्ड विकायचा पण विचार आहे.

उत्तर : भावा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. चालतील. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

आधी एक्स१ वर का भागतं ते. गेम खेळताना कार्डाला सारखा माल लागतो म्हणून त्याला सोळा लेन (माल नेण्याच्या वाटा) देतात. मायनिंगमध्ये तसं नसतं. इथॅश (इथेरियमच्या मायनिंगचं गणित) किंवा त्याच्या जातीचं जे काही तू चालवशील त्यात तो डॅग नावाचा भलामोठा डेटा असतो ना, तो कार्ड स्वतःच्याच मेमरीत स्वतःच तयार करतं आणि मग सगळी पळापळ कार्ड आणि त्याची मेमरी यांच्यातच चालते. मदरबोर्डकडून येतं काय तर पुढच्या ब्लॉकची थोडी माहिती, आणि परत जातं काय तर सापडलं तर एक उत्तर. चिठ्ठ्यांचा व्यवहार आहे, पोत्यांचा नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या (या स्लॉटांच्या जोडणीचं नाव) पहिल्या पिढीची एक लेनसुद्धा सेकंदाला २५० एमबी नेते, दुसऱ्या पिढीची ५००. चिठ्ठ्यांसाठी हे लय झालं.

आता सहा कार्डांना वाटायचं कसं. तुमच्या गावाकडं पाट असेल तर डोक्यात पटकन बसेल. पाटाचं पाणी वाटायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पाट फोडायचा, एकाचे चार बारके पाट करायचे आणि चौघांना कायमचे देऊन टाकायचे. याला आपल्या धंद्यात बायफर्केशन म्हणतात, प्रोसेसरच्या सोळा लेन आठ-आठ किंवा आठ-चार-चार अशा तोडायच्या. पण पाट कुठं फोडायचा ते तू ठरवत नाहीस, प्रोसेसर आणि बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ठरवतं. इंटेलच्या तुझ्या कार्डांच्या काळातल्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्तीत जास्त तीनच तुकडे पडतात. आणि एक्स१ स्लॉटमध्ये मुळात एकच लेन, ती फोडणार काय?

दुसरी पद्धत पाळी लावायची. पाट एकच, पण दारावर एक माणूस बसवायचा, तो बघून ज्याचं त्याला सोडतो. हा माणूस म्हणजे पॅकेट स्विचची चिप. तुला हीच लागणार. पीएलएक्सच्या मोठ्या चिपा सर्व्हरवाल्यांसाठी असतात, त्या महाग आणि तुझ्या कामाला विनाकारण मोठ्या. ए-एस-मीडियाची एएसएम११८४ई बघ, वरून एक लेन घेते आणि खाली चार एक्स१ देते, दुसऱ्या पिढीच्या वेगाची. बाजारात जी एकाचे चार करणारी कार्डं मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात हीच बसलेली असते. सहा पाहिजेत तर दोन चिपा साखळीत लाव, पहिलीच्या चारातलं एक तोंड दुसरीला. पहिलीची तीन उरली, दुसरीची चार, झाले सात. सहा कार्डांना आणि एक शिल्लक, पाहुण्याला.

इथपर्यंत ऐकून पोरं खूष होतात आणि लगेच स्कीमॅटिक काढायला बसतात. थांब.

माझ्या हातून काय झालं ते सांगतो. २०१७ च्या शेवटाला, जेव्हा ज्याला त्याला मायनिंगचा नाद लागलेला, तेव्हा कुपवाडला आमच्या शेडमध्ये एका गिऱ्हाईकासाठी असंच सहा स्लॉटचं बोर्ड केलं होतं. चिप बरोबर, लेन बरोबर, सगळं बरोबर, आणि सकाळी सहाच्या सहा कार्डं दिसायची. दुपारी दोननंतर पत्रा तापला की चार. संध्याकाळी परत सहा! अकरा दिवस मी आधी एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) शिव्या दिल्या मग बायोसला मग गिऱ्हाईकाच्या कार्डांना. शेवटी एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या लॅबमधला चांगला ऑसिलोस्कोप मागून आणला तर घोळ क्लॉकचा, म्हणजे सगळ्यांना ताल देणाऱ्या सिग्नलचा, निघाला. मी १०० मेगाहर्ट्झची रेफरन्स क्लॉकची एकच जोडी घेतलेली आणि माळेतल्या मण्यांसारखी एका स्लॉटवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेलेली. वायरिंगमध्ये आपण बल्ब असेच जोडतो की, म्हणून. पण ही क्लॉक तशी वाटून खात नाही, प्रत्येक स्लॉटला तिची स्वतंत्र प्रत लागते आणि त्यासाठी क्लॉक बफर नावाची वेगळी चिप लागते, एक आत सहा-आठ बाहेर. ती चिप मी पैसे वाचवायला गाळलेली. तेव्हा ती गाळू नकोस.

रिसेटचं पण तसंच. प्रत्येक स्लॉटला पर्स्ट नावाची रिसेटची लाईन असते, ती पॉवर स्थिर झाल्यावर निदान १०० मिलिसेकंदांनी सुटली पाहिजे. तुझ्या पट्टीची पॉवर वेगळ्या एसएमपीएसवरून असेल आणि तो मदरबोर्डाच्या मागून चालू झाला तर कार्डं झोपेत असतानाच हजेरी होऊन जाते आणि मग तू म्हणतोस कार्ड दिसत नाही.

लेआऊटवर येऊ. दोन लेयरवर हा नाद करू नको, चार लेयर घे आणि सिग्नलच्या खालचा लेयर अखंड ग्राउंड ठेव, अखंड म्हणजे मध्ये एक पण चीर नाही. सिग्नलच्या तारांच्या जोड्या ८५ ओहम डिफरन्शियलच्या. ट्रॅक किती रुंद आणि दोघात अंतर किती हे बोर्डाच्या थरांच्या जाडीवर अवलंबून असतं, बोर्ड करून देणाऱ्याकडून त्याचा स्टॅकअप (थरांचा तक्ता) आधी मागून घे आणि मगच हिशोब कर, मित्राच्या प्रोजेक्टमधली रुंदी उचलू नको. जोडीतल्या दोन्ही तारा लांबीला सारख्या, एक लांब एक आखूड झाली की तंबोऱ्याची एक तार उतरल्यासारखं होतं आणि मिरजेच्या शेजारी राहून ते तुला वेगळं सांगायला नको. स्विचच्या टीएक्सच्या (पाठवणाऱ्या) प्रत्येक तारेत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, कार्डाच्या बाजूचे कार्डावरच असतात ते परत घालायचे नाहीत. जोडीतलं प्लस-मायनस उलटं गेलं तर एकवेळ चालतं, समोरचा रिसीव्हर ते ओळखून सुलटं करून घेतो, तशी सोयच आहे. पण टीएक्सला टीएक्स जोडलंस तर कुणी माफ करत नाही. कनेक्टरवरची नावं मदरबोर्डाच्या बाजूनं दिलेली असतात हे न बघता पहिलं बोर्ड कचऱ्यात घालणारे मी निदान चार जण बघितलेत. एक आरशात पण दिसतो.

आता खरं दुखणं. तू विचारलंस लेनचं पण तुझं बोर्ड मेलं तर ते पॉवरनं मरणार.

एका स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत ओढायची मुभा आहे, त्यातले ६६ वॅट बारा व्होल्टवर म्हणजे साडेपाच अँपिअर आणि बाकीचे ३.३ व्होल्टवर. सहा स्लॉट झाले की बारा व्होल्टच्या पट्ट्यावर ३३ अँपिअर. मिक्सरचं वायरिंग नाही ते, वेल्डिंगच्या दिशेनं निघालेलं प्रकरण आहे आणि साध्या बोर्डावर तांबं असतं ३५ मायक्रॉन. तेवढ्यावरनं बारीक ट्रॅकमधून नेलंस तर बोर्ड पिवळं पडेल मग काळं पडेल मग वास येईल. आणि कार्डं कागदावर लिहिलंय तेवढंच ओढतात असंही समजू नको. तुझ्या ५८० चाच मोठा भाऊ, आरएक्स ४८०, २०१६ मध्ये आला तेव्हा स्लॉटमधून ७५ पेक्षा जास्त ओढतोय असं लोकांनी मोजून दाखवलं आणि एएमडीला ड्रायव्हर बदलून द्यावा लागला. म्हणून बारा व्होल्टला आख्खा प्लेन (तांब्याचा पूर्ण थर) दे, दुप्पट जाडीचं तांबं घे आणि एकाच कोपऱ्यातून पॉवर आत घ्यायच्या ऐवजी प्रत्येक स्लॉटच्या बुडाशी एक सहा पिनी कनेक्टर ठेव. त्याची अधिकृत क्षमता पण ७५ च आहे, हिशोब सरळ बसतो. ३.३ साठी प्रत्येकी किंवा दोन स्लॉटमागे एक बक कन्व्हर्टर (बारा व्होल्टचे ३.३ करणारा). फ्यूज विसरू नको, दोन रुपये वाचवून घर पेटवायचं नसतं.

दोन एसएमपीएस वापरणार असशील तर अजून एक. एका कार्डाचा स्लॉट आणि त्याच कार्डाचा आठ पिनी कनेक्टर दोन्ही एकाच एसएमपीएसवर पाहिजेत. ग्राउंड सगळ्यांचं एक, बारा व्होल्ट मात्र एकमेकात मिसळायचे नाहीत. सवतींना एका चुलीवर स्वयंपाक करायला लावू नये म्हणतात तसंच.

एवढं सगळं झाल्यावर बायोसमध्ये अबव्ह फोर जी डिकोडिंग चालू करायचं. प्रत्येक कार्ड पत्त्यांची जागा मागतं, सगळी चार जीबीच्या खाली बसत नाहीत, आणि मग पोरं हार्डवेअरला दोष देतात. स्लॉटचा वेग ऑटोवर न ठेवता पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीवर बांधून टाक. आणि हे दोन आधी कर, आजच, तुझ्या आहे त्या रायझरवर! माझा अंदाज असा की तुझी चार-पाचची लपाछपी निम्मी तिथंच मिटेल आणि बोर्डाची गरजच राहणार नाही.

आता बोर्ड विकायचं म्हणतोस ते. २०१७ मध्ये असरॉकनं तेरा स्लॉटचा मदरबोर्ड एच११० प्रो बीटीसी प्लस काढला आणि आसूसनं एकोणीस स्लॉटचा बी२५० मायनिंग एक्स्पर्ट. एकोणीस! म्हणजे तू जे आता करायला निघालायस ते मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच करून विकून बंद पण केलं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं ते इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगमधून बाहेरच पडलं, प्रूफ ऑफ वर्क म्हणजे गणितं सोडवून नाणी मिळवणं संपलं, त्या दिवशी जगभरची कार्डं एकदम बेकार झाली. तुझ्या मित्राच्या मावसभावाचं सामान स्वस्तात का मिळालं ते आता लक्षात आलं असेल. बिटकॉइन कार्डावर काढायचे दिवस तर २०१३ ला त्याची खास यंत्रं आली तेव्हाच गेले. इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन असली काही अजून कार्डावर निघतात, पण बेकार झालेली कार्डं पण सगळी त्याच ताटावर येऊन बसली.

हिशोब तूच कर, मी मांडणी देतो. एक ५८० नीट ट्यून केली तर १२० वॅटच्या आसपास. सहाचे ७२०, मदरबोर्ड-पंखे ६०, एसएमपीएस नव्वद टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून ८६७ वॅट. दिवसाला २१ युनिट, महिन्याला सव्वासहाशे. दर तुझ्या घरमालकाच्या बिलावर बघ, आणि पाचशे युनिटच्या वर गेलं की वरचा स्लॅब लागतो हे विसरू नको. मी नुसता हिशोबाला बारा रुपये धरले तरी साडेसात हजार होतात. त्याच्यासमोर सहा कार्डांचं आजचं उत्पन्न कुठल्याही मायनिंग कॅल्क्युलेटरवर घालून बघ. रूमचं बिल घरमालक भरतो म्हणून आपल्याला फुकट असं म्हणणारा एक जण मला भेटलेला, त्याला आता रूम नाही.

मग बोर्ड करूच नको का? कर की! पण मायनिंगसाठी नाही, शिकायला कर. स्विच, क्लॉक, ८५ ओहम, ३३ अँपिअर एवढं एका बोर्डावर जमवणारा पोरगा मुलाखतीत वेगळा दिसतो. दोन स्लॉटपासून सुरू कर, सहापासून नाही. आणि कार्डांना काम पाहिजे असेल तर एआय मॉडेल घरी चालवायचं बघ, सहा कार्डांची मिळून ४८ जीबी मेमरी होते. मॉडेलचे थर कार्डांवर वाटून टाकले की एका कार्डाचं काम संपल्यावर पुढच्याला थोडासाच माल द्यायचा असतो, ते एक्स१ वर खपतं. मॉडेल भरायला वेळ लागेल, आठ जीबी भरायला एका लेनवर वीस-पंचवीस सेकंद, आणि तुझ्या पट्टीवर सहाही कार्डं एकाच पाटावर असल्यामुळं सगळी भरायची म्हटली तर दोन-अडीच मिनिटं. बस तेवढं. पण सगळ्या कार्डांनी मिळून एकच गणित एकाच वेळी सोडवायचं, किंवा मॉडेल शिकवायचं असलं काही असेल तर मात्र एक्स१ चा पाट कोरडा पडतो, तिथं पोत्यांचा व्यवहार आहे. ब्लेंडरमध्ये रेंडर करायचा विचार असेल तर सोडून दे, ब्लेंडर ३.० पासून तुझ्या पिढीची एएमडी कार्डं त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनात चालत नाहीत.

प्रश्न : मिरजेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या पंधरवड्यात तीन गिऱ्हाईकांचे रायझर आले, तिन्हीचा साटा कनेक्टर वितळलेला. गिऱ्हाईक म्हणतं एसएमपीएस खराब, मी मोजला तर चांगला. दोष कशाचा?

उत्तर : दोष त्या काळ्या चपट्या कनेक्टरचा, म्हणजे त्याचा पण नाही, त्याला नको त्या कामाला जुंपणाऱ्याचा. साटा पॉवर हा हार्डडिस्कसाठी केलेला आहे. त्यात बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीला दीड अँपिअर, म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. रायझरमधून कार्ड ६६ मागू शकतं. शेळीवर बैलाचं ओझं टाकलं की काय होणार? त्यातून ते साटा ते सहा पिनी वायर जर साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचं असेल तर आत पिना एकमेकीला कधी टेकतात कळत नाही. तिन्ही गिऱ्हाईकांना सहा पिनी तोंडाचे रायझर द्या आणि वायर थेट एसएमपीएसच्या पीसीआय केबलवरून घ्या, एका केबलवर दोनपेक्षा जास्त रायझर नकोत. मोलेक्सवाले (मोठ्या चार पिनी कनेक्टरचे) त्यातल्या त्यात बरे, पण जुने मोलेक्स ढिले झालेले असतात आणि ढिला सांधा आधी तापतो. वितळलेला कनेक्टर कापून तारा पिळून टेप मारून परत देऊ नका. तुम्ही देत नसालच, पण वाचणारे सगळेच तुमच्यासारखे नसतात.

प्रश्न : सर, आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचं शेड आहे. मुलगा पुण्याहून आलाय, म्हणतो शेड वर्षातले आठ-नऊ महिने रिकामं असतं, तिथं मायनिंगची मशिनं लावू, मोटरच्या कनेक्शनवर चालवू आणि बेदाण्याच्या दिवसात त्याच गरम हवेनं बेदाणा लवकर वाळेल. ह्यांना पटलंय. मला काहीतरी चुकतंय असं वाटतं पण काय ते सांगता येत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला वाटतंय ते बरोबर वाटतंय, आणि तुमच्या ह्यांना हे पान वाचून दाखवा.

पहिलं लाईटचं. शेतीपंपाचं कनेक्शन शेतीपंपाला. त्यावर दुसरं काही चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणं अनधिकृत वापर होतो आणि पकडलं तर त्या वापराला जो दर लागू होतो त्याच्या दुप्पट दरानं आकारणी करतात. आकडा टाकला नाही मीटर आहे, हे सांगून उपयोग होत नाही. शिवाय शेतीची लाईट पाळीनं येते, आठवड्याला दिवसा की रात्री ते बदलतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. मायनिंगचं मशिन चोवीस तास चाललं तरच त्याला अर्थ. आणि डीपीवर एकदम सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज जे बसतं ते कार्डांचे एसएमपीएस किती दिवस सोसतील?

दुसरं गरम हवेचं. सहा कार्डांचं एक मशिन साधारण ९०० वॅट उष्णता टाकतं, म्हणजे बाथरूमच्या गिझरच्या निम्म्याहून कमी. चारी बाजूनं उघड्या शेडमध्ये तेवढ्यानं काय होणार, घाट चढताना फुंकर मारल्यासारखं. आणि हिरवा बेदाणा सावलीत खेळत्या हवेवर वाळवतात तो रंग टिकावा म्हणूनच ना, त्याला उष्णता द्यायची कल्पना मुलाला कुठून सुचली कोण जाणे, बहुतेक बागेत कमी आणि पुण्यात जास्त राहिल्यामुळं.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बेदाण्याला गंधकाची धुरी देता. तो धूर आणि दमटपणा एकत्र आला की तांब्याच्या तारा, कनेक्टरच्या पिना, कार्डावरचे सांधे सगळे काळे पडून खायला लागतात. एका हंगामात कार्डांची वाट लागेल. उलट कार्डांच्या पंख्यांची धूळ बेदाण्यावर.

पण एक सांगतो, मुलाला शेड दाखवायला घेऊन जा. सात-आठ मजल्यांच्या जाळ्या, वाऱ्याच्या दिशेनं शेड, हवा एका बाजूनं आत दुसऱ्या बाजूनं बाहेर, मध्ये आडकाठी नाही. मायनिंगची चौकट अशीच बांधावी लागते आणि बरेच लोक ती कपाटासारखी बांधून मग एसी लावतात. कार्ड मांडायचं तुमच्या शेडकडून शिकण्यासारखं आहे, शेडमध्ये मांडायचं नाही एवढंच.

प्रश्न : मी साताऱ्याचा, नोकरी करतो. २०२१ मध्ये मायनिंग करून थोडं इथेरियम साठवलेलं, आता विकायचंय. मशिनचा खर्च आणि लाईट बिल वजा करून उरलेल्यावर टॅक्स भरायचा, बरोबर ना?

उत्तर : नाही. १ एप्रिल २०२२ पासून असल्या डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस. वजा फक्त घेण्याची किंमत होते, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च हा घेण्याच्या किमतीत धरणार नाही असं सरकारनं मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलेलं आहे. लाईट बिल पण त्यात बसत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, तो १ जुलै २०२२ पासून. तुम्ही काढलेलं नाणं तेव्हाच्या सालात उत्पन्न म्हणून दाखवलं होतं का यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, ते तुमच्या सीएंना विचारा. त्यांना मायनिंग म्हणजे खाण वाटली तर दुसरे सीए बघा. आमच्या विट्याकडचे गलाईवाले सोनं गाळायला देशभर गेले, त्यांना निदान हातात तुकडा तरी दिसायचा, तुमचं तेवढं पण दिसत नाही त्यामुळं कागद जपून ठेवा.

प्रश्न : काका मी सांगलीच्या गावभागात राहतो, मायनिंगची रिग तळमजल्याच्या खोलीत ठेवलीय, गार असते म्हणून. काही अडचण?

उत्तर : गावभाग म्हणालास आणि तळमजला म्हणालास. कृष्णेच्या पुराची सालं आठव : २००५, २०१९, २०२१. वरच्या मजल्यावर ने, जूनच्या आत.

प्रश्न : रायझरला यूएसबीचीच केबल असते तर मग रायझर थेट लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला लावला तर कार्ड चालेल का? लावून बघू का?

उत्तर : लावू नको!! त्या केबलचा फक्त आकार यूएसबीचा आहे. यूएसबी ३ च्या केबलमध्ये तारांच्या तीन जोड्या मिळतात, दोन वेगवान आणि एक जुन्या यूएसबीची, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या एका लेनला पण तीनच जोड्या लागतात, जाणारी, येणारी आणि क्लॉक. स्वस्त, कुठंही मिळणारी, शिल्ड असलेली केबल म्हणून रायझरवाल्यांनी ती उचलली. आतून जे वाहतं त्याचा यूएसबीशी काही संबंध नाही. लॅपटॉपचा पोर्ट त्याच केबलच्या एका वेगळ्या तारेवर पाच व्होल्ट सोडतो आणि रायझरच्या बाजूला त्या तारेवर काय जोडलंय ते करणाऱ्यावर अवलंबून. नशीब बरं असेल तर काहीच होणार नाही. नसेल तर आधी पोर्ट जाईल आणि मग तू मला लॅपटॉपचा फोटो पाठवशील.